चौकशीचे बिल कोणाच्या नावे?

दंड दहा लाख डॉलरचा आणि वकिलांचे बिल सुमारे दोन कोटी डॉलरचे, असा एक हिशेब काही वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका न्यायालयात मांडला गेला होता. ऑफिस डेपो ही तिथली कागद-पेनपासून टेबल-खुर्च्यांपर्यंत कचेरीचे सामान विकणारी मोठी कंपनी. कंपनीने आपल्या कमाईचा अंदाज काही निवडक विश्लेषकांच्या कानात आधीच सांगितला, अशी शंका अमेरिकेच्या रोखे आयोगाला आली. हा आयोग म्हणजे आपल्या सेबीचा थोरला भाऊ. २००७ साली आयोगाने कंपनीला पत्र धाडले. चौकशी अनौपचारिक आहे, कागदपत्रे द्यावीत, सहकार्य करावे, अशी त्या पत्राची भाषा होती. कंपनीने सहकार्य केले. वकील नेमले, हिशेबतपासनीस नेमले, लाखो कागद चाळले. २०१० मध्ये तडजोड झाली. कंपनीने दहा लाख डॉलर भरले, दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांनी प्रत्येकी पन्नास हजार भरले आणि प्रकरण मिटले.

मिटले नाही ते विमा कंपनीशी. संचालक आणि अधिकाऱ्यांसाठी काढलेल्या विम्याच्या आधारे कंपनीने चौकशीचा खर्च मागितला. विमा कंपनी म्हणाली, काही अधिकाऱ्यांच्या नावाने रीतसर समन्स निघाल्यानंतरचा त्यांचा खर्च आम्ही देऊ. पण त्याआधीचा, आणि खुद्द कंपनीच्या चौकशीचा, आमच्या पॉलिसीत बसत नाही. २०१० मध्ये खालच्या न्यायालयाने आणि २०११ मध्ये अपील न्यायालयाने विमा कंपनीचे म्हणणे उचलून धरले. पॉलिसीतला ‘क्लेम’ हा शब्द, त्याची व्याख्या आणि त्या व्याख्येतला एक अपवाद, एवढ्यावर तो सगळा निकाल उभा आहे.

या प्रकरणात लाचेचा संबंध नव्हता. तरीही सुरुवातीलाच ते सांगितले. परदेशात लाच दिल्याचा संशय कंपनीवर येतो तेव्हा विमा कंपनी आणि कंपनी यांच्यात होणारे भांडण याच व्याख्येभोवती फिरते आणि दोन्ही बाजूंचे वकील हाच निकाल टेबलावर ठेवून बोलू लागतात. लाचेच्या प्रकरणात फक्त आकडे वाढतात. मेक्सिको, ब्राझील, चीन आणि भारत या देशांतल्या व्यवहारांबद्दल वॉलमार्टने २०१९ मध्ये २८ कोटी २० लाख डॉलर देऊन तडजोड केली. चौकशी आणि अंतर्गत सुधारणा यांवर तिने त्याआधीच नव्वद कोटी डॉलरहून अधिक खर्च केला होता. सौंदर्यप्रसाधने विकणाऱ्या एव्हॉनची चीनमधली भानगड २०१४ मध्ये १३ कोटी ५० लाख डॉलरांत मिटली, आणि चौकशीचा खर्च त्याच्या दुपटीच्या पुढे गेला होता. म्हणजे शिक्षेपेक्षा तपास महाग. ‘चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला’ ही म्हण आपल्याकडे स्वयंपाकघरात वापरतात, ती आता कंपन्यांच्या ताळेबंदातही शोभेल.

रविवारच्या निवांत सकाळी हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. बड्या लोकांचा विमा, त्यांची भांडणे; आपला काय संबंध? संबंध आहे. एक तर या विम्याचा हप्ता कंपनी भरते. म्हणजे तो भागधारकांच्या पैशांतून जातो, आणि म्युच्युअल फंडाची दोन युनिटे ज्यांच्या घरी आहेत ते सगळे आज भागधारकच आहेत. दुसरे कारण जास्त जवळचे आहे. निवृत्त प्राध्यापक, निवृत्त बँकर, निवृत्त सनदी अधिकारी अशा मंडळींना हल्ली स्वतंत्र संचालक म्हणून कंपन्यांची बोलावणी येतात. घरात पेढे वाटले जातात. त्या माणसाच्या डोक्यावर कोणती छत्री आहे आणि तिला भोके कुठे आहेत, हे त्याच्या बायको-मुलांनाही ठाऊक असायला हवे.

हा विमा तसा जुना आहे. १९२९ च्या शेअर बाजाराच्या कोसळण्यानंतर अमेरिकेत कंपन्यांच्या संचालकांना जाब विचारणारे कायदे झाले आणि लंडनच्या लॉइड्सने १९३० च्या दशकात ही पॉलिसी विकायला काढली. धंद्यात तिला ‘डी अँड ओ’ म्हणतात. तीन पुडांचा डबा डोळ्यांसमोर आणा. पहिल्या पुडात असते ती व्यक्तीची थेट भरपाई: कंपनी बुडाली किंवा कायद्याने तिला संचालकाचा खर्च देता येत नसेल, तर विमा कंपनी संचालकाला थेट पैसे देते. दुसऱ्या पुडात कंपनीने संचालकासाठी केलेल्या खर्चाची परतफेड. तिसरा पूड खुद्द कंपनीसाठी, पण तो लहान. सहसा शेअरधारकांनी लावलेल्या दाव्यांपुरता. आणि तिन्ही पुडांतला भात एकाच पातेल्यातला. विम्याची रक्कम एकच. आधी जेवायला बसेल त्याचे पोट भरते. अलीकडच्या पॉलिसींमध्ये आधी व्यक्तींना वाढा, मग कंपनीला, असे कलम घालू लागले आहेत. पण ते कलम आपल्या पॉलिसीत आहे की नाही, हे पाहिल्याखेरीज कळत नाही.

आता लाचेचे प्रकरण सुरू कसे होते ते पाहू. आग लागली तर धूर दिसतो, मोटार धडकली तर काच फुटते. लाचेचे तसे नाही. एक निनावी पत्र येते. किंवा हिशेबखात्यातला एखादा तरुण विचारतो, की या कंत्राटदाराच्या बिलात वाढीव कामाचे एवढे पैसे कसे? कोणी कोणावर दावा लावलेला नसतो. कोणी पैसे मागितलेले नसतात. शहाणी कंपनी अशा वेळी बाहेरचे वकील नेमून गुपचूप चौकशी सुरू करते, आणि खर्चाचे मीटर त्याच दिवशी पडते. विमा कंपनीच्या लेखी मात्र अजून काही घडलेलेच नाही. क्लेम नाही, तर भरपाई कसली?

बरे, विमा कंपनीला लगेच कळवावे, तर बातमी चार लोकांपर्यंत जाते. न कळवावे, तर पुढे ‘उशिरा कळवले’ म्हणून दावा फेटाळला जातो. त्यात मध्येच पॉलिसीच्या नूतनीकरणाची तारीख येते. तिच्या अर्जात प्रश्न असतो: ज्यातून पुढे दावा उद्भवू शकेल अशी काही परिस्थिती आपल्याला ठाऊक आहे काय? ‘नाही’ लिहिले, तर ते उत्तर पुढे गळ्याशी येते. बँकेत असताना रोकड, चोरी, कर्मचाऱ्यांचा अपहार यांसाठीच्या विम्याची कागदपत्रे माझ्या टेबलावरून जात. अपहार किती रुपयांचा, यापेक्षा सर्व्हेअरचा जास्त रस एका तारखेत असे: शंका पहिल्यांदा कोणाला आणि केव्हा आली? कोट्यवधींच्या या विम्यातही प्रश्न तोच आहे. फरक एवढाच, की इथे शंका आलेला माणूस बहुधा संचालक मंडळाच्या खोलीत बसलेला असतो आणि त्याला ती आली होती हे त्याने कुठे लिहून ठेवलेले नसते.

सगळी न्यायालये ऑफिस डेपोच्या निकालासारखी कडक नाहीत. त्याच २०११ साली न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने एमबीआयए या रोख्यांची हमी देणाऱ्या कंपनीच्या बाजूने निकाल दिला. तिथे समन्स होतेच. शिवाय काही कागद कंपनीने समन्सची वाट न पाहता आपणहून दिले होते, गाजावाजा टळावा म्हणून. विमा कंपन्या म्हणाल्या, आपणहून दिले म्हणजे सक्ती नव्हती, सक्ती नाही तर क्लेम नाही. न्यायालयाने ते मानले नाही. विम्याचे पैसे मिळावेत म्हणून माणसाने सरकारशी भांडण उकरून काढावे, अशी अपेक्षा धरता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख आहे. मला हा निकाल जास्त शहाणपणाचा वाटतो. दारात आलेल्या तपासनीसाला ‘आधी वॉरंट आणा’ म्हणणाऱ्याला पैसे आणि ‘या, बसा, कागद पाहा’ म्हणणाऱ्याला ठेंगा, हा कुठला न्याय? पण दोन्ही निकाल आपापल्या पॉलिसीच्या शब्दांवर झालेले आहेत, हे विसरून चालणार नाही. पॉलिसी हा करार आहे. करारात जे लिहिले, ते विकत घेतले. न लिहिलेले मागायला गेलो, तर हात हलवत परत यावे लागते.

लाच आणि विमा यांची गाठ सर्वांत ठळक पडली ती जर्मनीत, सीमेन्स कंपनीत. १५ नोव्हेंबर २००६ रोजी म्युनिकच्या सरकारी वकिलांनी कंपनीच्या कचेऱ्यांवर आणि काही अधिकाऱ्यांच्या घरांवर छापे घातले. पुढे जे बाहेर आले ते असे, की जगभरात कंत्राटे मिळवण्यासाठी काही वर्षांत सुमारे १४० कोटी डॉलर लाचेपोटी वाटले गेले होते. कंपनीने न्यूयॉर्कची एक वकिली पेढी चौकशीला नेमली, तिच्या मदतीला डिलॉइटचे हिशेबतपासनीस. चौतीस देशांत तपास झाला, सतराशेहून अधिक मुलाखती झाल्या आणि कामाचे तास भरले पंधरा लाखांच्या वर. हे तास वकिलांच्या दराने मोजायचे असतात, हे ध्यानात घ्यावे. डिसेंबर २००८ मध्ये कंपनीने अमेरिकेला ८० कोटी डॉलर आणि म्युनिकच्या सरकारी वकिलांना ३९ कोटी ५० लाख युरो देऊन प्रकरण मिटवले; त्याआधीच्या वर्षी वीस कोटी युरो दिले होते ते वेगळेच. चौकशी आणि सफाई यांवर शंभर कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला.

यानंतर जे घडले ते आपल्याकडच्या वाचकांना नवल वाटावे असे आहे. सीमेन्सने स्वतःच्याच माजी वरिष्ठांकडे भरपाई मागितली. जर्मन कायद्यात देखरेख मंडळाला तसे करावेच लागते. माजी अध्यक्ष आपले स्नेही आहेत म्हणून सोडून देता येत नाही. नऊ जणांनी तडजोड केली. हाइनरिश फॉन पीअरर हे एकेकाळी कंपनीचे प्रमुख, जर्मनीच्या उद्योगजगतातले मोठे नाव. त्यांनी ५० लाख युरो देण्याचे मान्य केले. विमा कंपन्यांच्या गटाने जास्तीत जास्त १० कोटी युरो देण्याचे कबूल केले आणि जानेवारी २०१० मध्ये भागधारकांच्या सभेने या सगळ्याला मंजुरी दिली. एकूण नुकसानापुढे १० कोटी म्हणजे ताटातली चटणी. पण तीसुद्धा भांडूनच वाढली गेली.

माजी वित्तप्रमुखांनी मात्र तेव्हा तडजोड केली नाही. त्यांच्यावरचा दावा चालला आणि १० डिसेंबर २०१३ रोजी म्युनिकच्या न्यायालयाने त्यांना दीड कोटी युरो भरायला सांगितले. त्यांनी लाच दिली, असे न्यायालयाने म्हटले नाही. लाच रोखणारी यंत्रणा उभी करणे हे व्यवस्थापन मंडळावरच्या प्रत्येकाचे कर्तव्य होते आणि इशारे मिळूनही ते पार पाडले गेले नाही, असा ठपका होता. पुढे हे प्रकरण २५ लाख युरोंवर मिटले. पण त्या दीड कोटीचा मोठा हिस्सा कशाचा होता? तो होता चौकशी करणाऱ्या अमेरिकी वकिलांच्या बिलाचा. तुम्ही देखरेख केली असती तर ही चौकशी करावी लागली नसती, म्हणून तिचा खर्च हे तुमच्यामुळे झालेले नुकसान, असे ते तर्कशास्त्र.

इथे वाचकांनी क्षणभर थांबावे. अमेरिकेत कंपनी दाराशी येऊन म्हणते, माझ्या चौकशीचा खर्च द्या. विमा कंपनी म्हणते, कंपनीची चौकशी आमच्या पॉलिसीत नाही. जर्मनीत तोच खर्च कंपनी संचालकाच्या नावावर टाकते, संचालकावर दावा लावते, आणि मग संचालक पॉलिसी घेऊन विमा कंपनीच्या दारात उभा राहतो: हा घ्या माझ्यावरचा क्लेम. बिल तेच, वकीलही त्याच पेढीचे. पुढच्या दाराने आले तर खर्च, मागच्या दाराने आले तर नुकसान. मला स्वतःला या मागच्या दाराची गंमत वाटते आणि भीतीही. गंमत यासाठी, की शब्दांच्या भिंती माणसे किती सफाईने ओलांडतात. भीती यासाठी, की या प्रवासात एका जिवंत माणसाला, त्याचे घर आणि निवृत्तिवेतन यांसह, कंपनी आणि विमा कंपनी यांच्यामध्ये पुलासारखे आडवे व्हावे लागते.

जर्मनांनी २००९ मध्ये आणखी एक गोष्ट केली. संचालकाच्या विम्यात त्याचा स्वतःचा वाटा कायद्याने सक्तीचा केला. नुकसानीचा किमान दहा टक्के भाग, वर्षाच्या ठरावीक वेतनाच्या किमान दीडपटीपर्यंत, त्याने स्वतः सोसायचा. सगळेच विम्यावर सोडले की माणूस बेफिकीर होतो, हा त्यामागचा विचार. मोटारीच्या विम्यात आपण पहिले हजार-दोन हजार रुपये आपल्या खिशातून घालतो, तसेच हे. आपल्याकडे असा नियम नाही. असावा, असे माझे मत आहे. पण तो पगारी, कार्यकारी संचालकांपुरता. बैठकीच्या भत्त्यावर येणाऱ्या स्वतंत्र संचालकावर तो लादला, तर चांगली माणसे मंडळावर यायचीच बंद होतील.

आता पुण्याकडे येऊ. कॉग्निझंट ही न्यू जर्सीत मुख्यालय असलेली आणि बहुतेक माणसे भारतात असलेली संगणक-सेवा कंपनी. ३० सप्टेंबर २०१६ रोजी तिने जाहीर केले, की भारतातल्या इमारतींच्या परवान्यांसाठी गैरवाजवी पैसे दिले गेले असावेत अशी शंका असून आम्ही चौकशी करत आहोत. त्या एका दिवसात शेअर तेरा टक्क्यांनी घसरला. फेब्रुवारी २०१९ मध्ये रोखे आयोगाशी अडीच कोटी डॉलरांची तडजोड झाली. चेन्नईतल्या प्रचंड संकुलाच्या परवान्यासाठी कंत्राटदारामार्फत वीस लाख डॉलर देण्यास संमती दिली गेली आणि ते कंत्राटदाराला वाढीव कामांच्या नावाखाली चुकते केले गेले, असे आयोगाने म्हटले. आयोगाच्या आदेशात पुण्याचेही नाव आहे: इथल्या इमारतीच्या पर्यावरणविषयक परवानगीसाठी सुमारे ७ लाख ७० हजार डॉलर. आपल्या शहराचे नाव न्यूयॉर्क-वॉशिंग्टनच्या कागदांत असे यावे, याचे वाईट वाटते. आश्चर्य वाटत नाही.

कंपनीने आपणहून कळवले म्हणून अमेरिकेच्या न्याय खात्याने तिच्यावर खटला भरला नाही. खटला भरला तो तिचे माजी अध्यक्ष आणि माजी मुख्य विधी अधिकारी यांच्यावर. दोघांनीही आरोप नाकारले. तारखा पडत गेल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये परदेशी लाचविरोधी कायद्याची अंमलबजावणी थांबवण्याचा आदेश अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी काढला आणि एप्रिलमध्ये, सरकारी पक्षाच्याच विनंतीवरून, हा खटला रद्द झाला. सहा वर्षांत दोषी की निर्दोष, हे ठरलेच नाही. ठरली ती फक्त वकिलांची बिले. आजी-माजी अधिकाऱ्यांचा असा खर्च आगाऊ देण्याचे बंधन आपल्यावर आहे, असे कंपनीने आपल्या वार्षिक अहवालांत नोंदलेले आहे. अमेरिकेत ही रीतच आहे: दोषी ठरलो तर पैसे परत करीन, असे हमीपत्र लिहून घ्यायचे आणि बिले भरत राहायचे.

या हमीपत्राचे आणि विम्यातल्या एका कलमाचे जवळचे नाते आहे. जवळजवळ प्रत्येक पॉलिसीत लिहिलेले असते, की अप्रामाणिक कृत्याला भरपाई नाही. पण पुढे शेपूट असते: ते कृत्य अंतिम न्यायनिर्णयाने सिद्ध झाल्यावरच. तोवर वकिलांचे पैसे विमा कंपनीने द्यायचे. ऐकायला उत्तम. अडचण अशी, की लाचेच्या मोठ्या प्रकरणांत अंतिम निर्णय क्वचितच लागतो. आरोप मान्यही नाहीत आणि अमान्यही नाहीत, अशा वाक्यावर तडजोड होते. मग ते कलम कपाटातल्या तलवारीसारखे तिथेच राहते. लाच दिलेला माणूसही सुखाने विम्याच्या वकिलाला सोबत घेऊन फिरतो. म्हणून विमा कंपन्या अधूनमधून शेपूट छाटायचा प्रयत्न करतात. ‘अंतिम’ हा शब्द गाळून बघतात.

तो शब्द गाळू नये, असे मी म्हणेन. चोराला वकील मिळतो म्हणून संतापणे सोपे आहे. पण आरोपाच्या पहिल्या दिवशी चोर आणि साव सारखेच दिसतात, आणि पैसे त्याच दिवशी लागतात. जून २०१८ मध्ये बांधकाम व्यावसायिक डी. एस. कुलकर्णी यांच्या कर्जप्रकरणात पुणे पोलिसांनी बँक ऑफ महाराष्ट्रच्या विद्यमान प्रमुखांना अटक केली. काही महिन्यांतच, पुरेसा पुरावा नाही, असे पोलिसांनीच न्यायालयाला सांगितले आणि त्यांची सुटका झाली. त्या काळात बँकांमधल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांचे फोन येत. कोणी कायद्याचे कलम विचारत नसे. कोणता वकील, तो किती घेतो आणि आपण निवृत्त झाल्यावर बँक देते का, एवढेच प्रश्न. दुसरे उदाहरण दिल्लीचे. माजी कोळसा सचिव एच. सी. गुप्ता यांनी २०१६ मध्ये न्यायालयाला सांगितले, की वकिलांचा खर्च झेपत नाही, जामीन नको, तुरुंगातूनच खटल्याला तोंड देतो. पुढे काही खटल्यांत त्यांना शिक्षाही झाली. तरी ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. खटला हरण्याआधी माणूस बिलापुढे हरला होता.

मात्र कंपनीच्या स्वतःच्या सफाईचा खर्च विमा कंपनीच्या माथी मारण्याला माझा विरोध आहे. व्यक्तीचा बचाव वेगळा आणि कंपनीने आपल्या घरातली जळमटे काढणे वेगळे. जळमटे वर्षानुवर्षे साठू दिली, त्या काळात नफा खाल्ला, आणि झाडू मारायची वेळ आली तेव्हा मजुरी दुसऱ्याने द्यावी! शिवाय पातेले एकच, हे विसरू नये. कंपनीच्या चौकशीने भात संपवला, तर ज्या लेखाधिकाऱ्याला ‘उद्या येऊन जबाब द्या’ एवढाच फोन आला आहे, त्याच्या पानात काय पडणार? त्याच्यावर आरोप नाही, समन्स नाही. तो साक्षीदार आहे की संशयित, हे त्यालाच ठाऊक नाही. जुन्या धाटणीच्या पॉलिसीत त्याच्यासाठी काहीच नसते. आता काही विमा कंपन्या जबाबाआधीच्या सल्ल्याचा खर्च देणारे जादा कलम विकतात. हप्ता थोडा वाढतो. माझ्या मते कंपनीने घासाघीस करायची तर बाकीच्या कलमांवर करावी, यावर करू नये.

आपल्या कायद्याने या विषयात लक्ष घातले आहे, पण चमत्कारिक जागी. २०१३ च्या कंपनी कायद्याचे १९७ वे कलम सांगते, की संचालकांच्या अशा विम्याचा हप्ता कंपनीने भरला तर तो त्यांचा मोबदला धरू नये. मात्र ती व्यक्ती दोषी ठरली, तर धरावा. दोषी माणसाच्या हप्त्याचे काय, हे कायद्याने ठरवून दिले. त्या हप्त्याच्या जोरावर वकिलांना गेलेल्या कितीतरी पट मोठ्या रकमेचे काय, यावर तिथे शब्द नाही. सेबीने १ ऑक्टोबर २०१८ पासून बाजारमूल्याने पहिल्या पाचशे कंपन्यांना, आणि १ जानेवारी २०२२ पासून पहिल्या हजार कंपन्यांना, स्वतंत्र संचालकांसाठी हा विमा सक्तीचा केला. किती रकमेचा आणि कोणत्या जोखमींचा, हे संचालक मंडळावर सोडले. म्हणजे हेल्मेट घाला, असे सांगितले. ते कसल्या प्रतीचे, हे ज्याचे त्याने पाहावे. आणि २०१८ मध्येच भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा सुधारला, तेव्हा लाच देणाऱ्या व्यापारी संस्थेवर खटल्याची तरतूद आली. संचालकाच्या संमतीने किंवा संगनमताने लाच दिल्याचे सिद्ध झाले, तर त्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे. दंड आणि कैद यांचा विमा निघत नाही. तपास आणि खटला यांचा निघतो, आणि तो किती निघतो हे त्या व्याख्येच्या पानावर ठरते.

माझा एक जुना सहकारी, निवृत्तीनंतर नातवंडांत रमलेला, गेल्या वर्षी एका मध्यम आकाराच्या कंपनीवर स्वतंत्र संचालक म्हणून जाण्याचे ठरवत होता. कंपनीने त्याला विम्याचे एक पानी प्रमाणपत्र पाठवले होते: रक्कम अमुक कोटी, मुदत अमुक तारखेपर्यंत. तो खूश होता. म्हटले, “अरे, हे प्रमाणपत्र झाले. पॉलिसी कुठे आहे? जबाबाला बोलावले तर खर्च मिळेल का, रक्कम तुझी एकट्याची की सगळ्यांची मिळून, आणि तू मंडळावरून उतरल्यावर किती वर्षे ती लागू राहील, हे त्या पानावर कुठे आहे?” त्याने कंपनीच्या सचिवांना लिहिले. आठ दिवस उत्तर नाही. मग फोन आला: पाठवतो साहेब, पण आजवर कोणी मागितली नव्हती, शोधावी लागेल.

पॉलिसी आली आहे. बावन्न पानांची आहे. दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघे ती घेऊन बसतो. अजून व्याख्यांवरच आहोत, आणि त्याने कंपनीला होकार कळवलेला नाही.